ग्लासगोचा खून, निरपराध कैदी आणि कॉनन डॉयल यांची १६ वर्षे

१९२५ साली स्कॉटलंडच्या पीटरहेड तुरुंगातून विल्यम गॉर्डन नावाचा एक कैदी शिक्षा भोगून बाहेर पडला. त्याच्या तोंडात, कवळीखाली, एक बारीक घडी केलेली चिठ्ठी होती. ती त्याची स्वतःची नव्हती. आत जन्मठेप भोगणाऱ्या ऑस्कर स्लेटर नावाच्या दुसऱ्या कैद्याने ती दिली होती, आणि पोचवायची होती इंग्लंडातल्या एका लेखकाकडे. माझ्यासाठी पुन्हा एकदा प्रयत्न करा, एवढीच त्यात विनवणी. तो लेखक म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक, सर आर्थर कॉनन डॉयल.

डॉयल आपल्याकडे होम्समुळे घरोघरी पोचले. भालबा केळकर यांच्या अनुवादांवर मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण कथेतल्या गुप्तहेराची कीर्ती डोक्यावर घेऊन हा माणूस खऱ्या कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवत होता, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या आयुष्यात दोन खटले आले. दोन्हींत ते वकील नव्हते, साक्षीदार नव्हते, आरोपीचे नातलगही नव्हते. तरी त्या देशाच्या अपिलाच्या कायद्यावर दोन्ही वेळा त्यांचा हात लागला.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ चा, एडिंबरोमधला. वडील चित्रं चांगली काढत, पण दारूने त्यांचा संसार पोखरला आणि शेवटची वर्षे वेड्यांच्या इस्पितळात गेली. घर आईने ओढलं. पोराने एडिंबरो विद्यापीठात डॉक्टरकी केली. तिथे डॉ. जोसेफ बेल हे शिक्षक भेटले. रोगी दारातून आत येईपर्यंत तो कुठून आला, काय धंदा करतो हे बेल त्याच्या चालण्यावरून, हातांवरून ओळखायचे. होम्स पुढे याच बेल यांच्यावरून घडला. १८८२ मध्ये डॉयल यांनी साउथसी इथे दवाखाना टाकला. रोगी यायचे बेताचेच, वेळ भरपूर. त्या रिकाम्या वेळात गोष्टी लिहिल्या. १८८७ साली होम्सची पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तिच्या सगळ्या हक्कांचे मिळून २५ पौंड हातात पडले. १८९१ पासून स्ट्रँड मासिकात होम्सच्या कथा सुरू झाल्या आणि नशीब फिरलं. १८९३ मध्ये कंटाळून त्यांनी होम्सला मारूनही टाकलं, पण वाचकांनी पुन्हा जिवंत करायला लावलं. बोअर युद्धात त्यांनी ब्लूमफाँटेनच्या लष्करी इस्पितळात काम केलं, १९०२ मध्ये सर झाले. पार्लमेंटची निवडणूक दोनदा लढवली आणि दोनदा पडले.

१९०६ च्या जुलैत त्यांची पहिली पत्नी लुईसा क्षयाने गेली. डॉयल महिनोन् महिने सुन्न होते. त्याच सुमाराला जॉर्ज एडलजी या तरुणाची हकीकत त्यांच्यापर्यंत आली.

एडलजी हे नाव वाचून मुंबईची आठवण झाली असेल तर ती बरोबर आहे. जॉर्जचे वडील शापुरजी एडलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती झाले, इंग्लंडला गेले, इंग्रज बाईशी लग्न केलं आणि स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली या गावचे पाद्री झाले. काळ्या कातडीचा पाद्री गावात काहींना खुपत होता. घरावर वर्षानुवर्षे निनावी घाणेरडी पत्रं येत राहिली. १९०३ मध्ये गावात रात्री-अपरात्री घोडे आणि जनावरं पोट फाडून टाकलेली सापडू लागली आणि पोलिसांनी बोट ठेवलं ते बर्मिंगहॅमला वकिली करणाऱ्या जॉर्जवर. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. दहा हजार लोकांनी सह्यांचा अर्ज केला. तीन वर्षांनी त्याला सोडून दिलं, पण का सोडलं ते सांगितलं नाही आणि माथ्यावरचा गुन्हाही पुसला नाही.

डॉयल त्याला लंडनच्या एका हॉटेलात भेटायला गेले. एडलजी वर्तमानपत्र वाचत बसला होता, ते डोळ्यांना जवळजवळ चिकटवून आणि जरा तिरकं धरून. डॉयल यांनी डोळ्यांच्या वैद्यकाचंही शिक्षण घेतलेलं. अंधाऱ्या रात्री शेतं, कुंपणं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून जनावर गाठणं या माणसाला जमणारच नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी डेली टेलिग्राफमध्ये सगळा खटला उसवून मांडला. सरकारने समिती नेमली, मे महिन्यात माफी दिली. पण पत्रं त्यानेच लिहिली असणार असं म्हणून भरपाईचा एक पैसाही दिला नाही. माफी कसली, तर जो गुन्हा केलाच नाही त्याची!

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना चमत्कारिक वाटेल. त्या काळी इंग्लंडात शिक्षा झालेल्या माणसाला पुरावा पुन्हा तपासून घेण्यासाठी वर जायला कोर्टच नव्हतं. ज्युरीने दोषी म्हटलं की संपलं. राहिला तो गृहमंत्र्याकडे दयेचा अर्ज. उलट हिंदुस्थानात त्याच इंग्रजांनी केलेल्या फौजदारी संहितेत सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर अपील होतं. फाशीची शिक्षा तर हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे. म्हणजे तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगावच्या सत्र न्यायाधीशाने फाशी ठोठावली तर कागद मुंबई हायकोर्टाकडे मंजुरीला जायचे, पण खुद्द लंडनमधल्या आरोपीला ती सोय नव्हती. फाशीच्या मंजुरीची ती पद्धत आजही आहे, फक्त बेळगावचे कागद आता धारवाडच्या खंडपीठाकडे जातात. इंग्लंडात याबद्दलची विधेयकं अनेकदा आली आणि बारगळली. अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला चुकीच्या ओळखीवरून दोनदा शिक्षा झाल्याचं उघड झालं, त्यावर एडलजीचं प्रकरण आलं, तेव्हा कुठे १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं. मात्र ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, त्यामुळे स्कॉटलंड बाहेरच राहिला. ऑस्कर स्लेटरचं दुर्दैव असं, की त्याच्यावरचा खटला स्कॉटलंडमध्ये उभा राहिला.

२१ डिसेंबर १९०८. ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या घरात मॅरियन गिलख्रिस्ट या ८२ वर्षांच्या अविवाहित बाई मोलकरणीसह राहत. बाईंना जडजवाहिराचा षोक होता, घरात सुमारे तीन हजार पौंडांचे दागिने होते. चोरांची भीती इतकी, की दाराला दुहेरी कुलपं. अडचण आली तर जमिनीवर ठोकून खालच्या मजल्यावरच्या अ‍ॅडम्स कुटुंबाला कळवायचं, असंही ठरलेलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मोलकरीण हेलन लँबी वर्तमानपत्र आणायला बाहेर पडली. दहाएक मिनिटांचं काम. तेवढ्यात अ‍ॅडम्सना वरून धडधड ऐकू आली. ते वर गेले, घंटा वाजवली, कोणी दार उघडेना. तोवर लँबी परतली. तिने दार उघडलं तर आतल्या खोलीतून एक पुरुष निघाला, दोघांच्या देखत शांतपणे दारापर्यंत आला आणि मग जिना उतरून पळत सुटला. बाई जेवणघरात पडल्या होत्या. डोकं ठेचलेलं होतं. टेबलावरच्या अंगठ्या जागच्या जागी होत्या. झोपायच्या खोलीत दिवा लावलेला, कागदपत्रांची पेटी फोडून कागद इकडेतिकडे पसरलेले. दागिन्यांपैकी फक्त चंद्रकोरीच्या आकाराचा हिऱ्यांचा एक ब्रोच गेला, असं लँबीने सांगितलं.

चारच दिवसांनी, नाताळच्या संध्याकाळी, पोलिसांना खबर लागली की ऑस्कर नावाचा एक जर्मन ज्यू हिऱ्यांच्या ब्रोचच्या गहाणाची पावती विकायला फिरत होता. हाच तो स्लेटर. मूळचा सायलेशियातल्या ओपेल्न गावचा, खरं आडनाव लेश्झिनर. क्लबात जुगार, हिऱ्या-मोत्यांची दलाली, वेळोवेळी वेगळी नावं, आणि सोबत राहणारी बाई वेश्या. पोलीस घरी पोचले तेव्हा दोघं लिव्हरपूलला निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी ती लुसिटानिया बोटीने अमेरिकेला निघाली, तीही ओटो सँडो या नावाने. आता याहून मोठा पुरावा कोणता, असं पोलिसांना वाटलं असेल तर नवल नाही.

पण गहाणवटीच्या दुकानात चौकशी केली तेव्हा दोरच तुटला. तो ब्रोच स्लेटरचाच होता आणि खुनाच्या महिनाभर आधी, १८ नोव्हेंबरला गहाण पडलेला होता. गिलख्रिस्टबाईंच्या ब्रोचशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ज्या एका धाग्यावरून त्याचं नाव पुढे आलं, तो धागाच खोटा निघाला. तरी तपास मागे फिरला नाही. बक्षीस २०० पौंडांचं लागलं होतं. लँबी, अ‍ॅडम्स आणि रस्त्यावर कोणीतरी धक्का देऊन पळाल्याचं सांगणारी मेरी बॅरोमन ही १४ वर्षांची मुलगी, असे तिघे ओळख पटवायला न्यूयॉर्कला नेण्यात आले. बोटीत लँबी आणि बॅरोमन एकाच केबिनमध्ये होत्या. ओळखीआधी स्लेटरचे फोटो दाखवले गेले, आणि तिथल्या कोर्टाच्या व्हरांड्यातून पोलीस त्याला घेऊन चाललेही यांच्या समोरूनच. अ‍ॅडम्सना कमी दिसायचं, त्या संध्याकाळी चष्माही नव्हता. त्यांनी साम्य आहे एवढंच म्हटलं, खात्री शेवटपर्यंत दिली नाही. स्लेटर मात्र वकिलांचं न ऐकता आपण होऊन स्कॉटलंडला परत आला. निर्दोष आहोत, मग भ्यायचं कशाला, असा त्याचा हिशेब.

मे १९०९ मध्ये एडिंबरोच्या हायकोर्टात न्या. लॉर्ड गथ्री यांच्यापुढे चार दिवस खटला चालला. सरकारी पक्षाकडून लॉर्ड अ‍ॅडव्होकेट अलेक्झांडर युअर उभे होते. स्लेटरचं नाव पेपरात छापून आलं म्हणून तो पळाला, असं त्यांनी ज्युरीला सांगितलं. प्रत्यक्षात तोवर नाव कुठेच छापलं नव्हतं. त्याच्याकडची हातोडी खुनाचं हत्यार ठरली. ती घरगुती खिळे ठोकायची हलकी हातोडी. त्या वेळी तो घरी जेवत होता, असं त्याच्या घरातल्या दोन बायकांनी सांगितलं, पण त्या बायकांना कोण मानणार? न्यायाधीशांनीही ज्युरीला समजावताना मर्यादा सोडली. साध्या माणसाला निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा जो आधार मिळतो, तो असल्या चालीच्या माणसाला तितका मिळत नाही, अशा अर्थाचं ते बोलून गेले. हे वाक्य पुढे १९ वर्षांनी उपयोगी पडणार होतं.

स्कॉटलंडात तेव्हा ज्युरी १५ जणांची असे आणि निर्णय साध्या बहुमताने होई. ९ जणांनी दोषी म्हटलं, ५ जणांनी गुन्हा सिद्ध झाला नाही असा तिथला तेव्हाचा खास तिसरा निर्णय दिला, एकाने निर्दोष म्हटलं. नवापैकी दोघे फिरले असते तर स्लेटर घरी गेला असता. २७ मे ही फाशीची तारीख ठरली. २० हजारांवर लोकांनी सह्या केल्या आणि फाशीच्या दोन दिवस आधी जन्मठेपेचा हुकूम आला. स्लेटर तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याला पीटरहेडला दगड फोडायला पाठवलं.

डॉयल या प्रकरणात आनंदाने पडले, असं नाही. स्लेटरची राहणी त्यांना पसंत नव्हती. एडलजी हा सभ्य घरातला मुलगा होता, त्याच्यासाठी लढायला मन तयार होतं. इथे तसं काही नव्हतं. त्यांनी कागद वाचायला घेतले आणि मग त्यांना गप्प बसता येईना. डॉयल यांच्याबद्दल आदर वाटावा तो या ठिकाणी. आवडत्या माणसासाठी कोणीही धावतो. १९१२ मध्ये त्यांनी सहा पेन्स किमतीची पुस्तिका काढली आणि एकेक मुद्दा धरला. ब्रोचचा दुवा तुटला तेव्हाच संशय संपायला हवा होता. पळून जाणारा माणूस लिव्हरपूलच्या हॉटेलात स्वतःच्या खऱ्या नावाने, ग्लासगोचा म्हणून, सही करतो का? बोटीवरचं खोटं नाव मागे लागलेल्या बायकोला चुकवण्यासाठी असेल. एवढं रक्त सांडलं, मग ते त्याच्या कपड्यांवर का नाही? आणि सगळ्यात मोठा सवाल, दागिने समोर सोडून खुनी कागदांची पेटी का फोडतो? त्याला दागिने नको होते, एखादा कागद हवा होता. मग दार फोडल्याची खूण नसताना तो आत आला कसा, तर बाईंच्या ओळखीचा असेल म्हणूनच. पुस्तिका खपली, चर्चा झाली, सरकार हललं नाही.

दोन वर्षांनी आतूनच एक माणूस पुढे आला. ग्लासगो पोलिसांतले अधिकारी जॉन ट्रेंच. नुकतंच राजाचं पोलीस पदक मिळालेले. खुनाच्या रात्री लँबी धावत बाईंच्या एका नातलगाकडे गेली होती आणि पळालेल्या माणसाचं नावच तिने तिथे सांगितलं होतं, पण वरच्यांनी ते दाबलं, असं त्यांचं म्हणणं. १९१४ मध्ये चौकशी झाली, ती बंद दाराआड. लँबीने इन्कार केला. निकाल जैसे थे. ट्रेंच मात्र नोकरीतून बडतर्फ झाले. एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यावर आणि त्यांना मदत करणाऱ्या वकिलावर चोरीचा माल घेतल्याचा खटला भरला. न्यायाधीशांनीच तो मोडीत काढून दोघांना सोडलं. १९१९ मध्ये ट्रेंच वारले, स्लेटर तेव्हा आतच होता. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त किंमत कोणी मोजली याचा हिशेब लावायचा तर ट्रेंच यांचं नाव स्लेटरच्या लगेच खाली लिहावं लागेल.

मग महायुद्ध आलं. डॉयल यांचा मुलगा किंग्जली १९१८ मध्ये गेला. डॉयल परलोकविद्येत बुडाले, मृतांशी बोलता येतं म्हणून देशोदेशी व्याख्यानं देऊ लागले. दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटोही त्यांनी खरे मानले. लोक हसायचे. हातोडीच्या वजनावरून खटला उधळणारा माणूस कागदी पऱ्यांना कसा फसला, याचं उत्तर त्यांच्या चरित्रकारांनाही नीट देता आलेलं नाही. पण कवळीखालची चिठ्ठी हाती पडली तेव्हा जुने डॉयल जागे झाले.

त्यांनी पुन्हा सरकारला लिहायला सुरुवात केली. ग्लासगोचे पत्रकार विल्यम पार्क यांनी प्रकरणावर पुस्तक लिहिलं, ते १९२७ मध्ये डॉयल यांनीच आपल्या प्रकाशनातर्फे काढलं. वर्तमानपत्रांनी रान उठवलं. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या लँबीच्या नावाने कबुलीवजा मजकूर छापून आला. बॅरोमननेही आपल्याकडून पढवून वदवून घेतल्याचं सांगितलं. १४ नोव्हेंबर १९२७ ला स्लेटर सुटला, साडेअठरा वर्षांनी, वयाच्या ५५ व्या वर्षी. सुटला म्हणजे निर्दोष ठरला नाही, फक्त दार उघडलं.

खरी लढाई इथून पुढे होती. स्कॉटलंडला अपिलाचं न्यायालय १९२६ मध्ये मिळालं होतं, पण त्या ऑक्टोबरअखेरनंतर शिक्षा झालेल्यांनाच. स्लेटर त्यात बसत नव्हता. डॉयल यांनी खासदारांना पत्रकं वाटली, रॅम्से मॅकडोनल्ड यांनीही जोर लावला आणि पार्लमेंटने या एका माणसासाठी खास कायदा केला. कोर्टाच्या खर्चाला पैसे हवे होते. डॉयल यांनी एक हजार पौंडांची हमी स्वतः घेतली.

१९२८ च्या जूनपासून एडिंबरोत पाच न्यायाधीशांपुढे अपील उभं राहिलं. स्लेटरच्या बाजूने क्रेगी एचिसन. स्लेटरची स्वतःची साक्ष ऐकणार नाही, असं कोर्टाने सांगताच तो भडकला आणि अपीलच मागे घेतो म्हणाला. त्याची समजूत काढता काढता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. लँबी अमेरिकेतून आली नाही. सुनावणीला डॉयल हजर होते. ज्याच्यासाठी १६ वर्षे लिहिलं, त्याला त्यांनी तोवर प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं.

२० जुलैला निकाल लागला. पुरावा पाहता ज्युरीचा निर्णय अवाजवी होता, असं म्हणायला कोर्ट तयार झालं नाही. नव्या पुराव्याने चित्र बदलतं, हेही मानलं नाही. मान्य झाला तो एकच मुद्दा, लॉर्ड गथ्री यांनी चालीवरून ज्युरीला दिलेली चुकीची दिशा. तेवढ्यावर शिक्षा रद्द झाली. साक्षी खोट्या होत्या, पोलिसांनी नाव दाबलं, ट्रेंच खरे होते, यातलं काहीच निकालात नव्हतं.

सरकारने सहा हजार पौंड देऊ केले आणि स्लेटरने कोणाला न विचारता घेतले. आता त्यातून अपिलाचा खर्च त्याने द्यावा, असं डॉयल यांना वाटलं. हमी त्यांची होती. स्लेटरला ते पटलं नाही. आपल्याला चुकून आत टाकलं, मग ते निस्तरण्याचा खर्चही आपणच का द्यायचा, हा त्याचा सवाल. आज ऐकताना त्याच्या म्हणण्यात काही चूक दिसत नाही. पण डॉयल यांच्या खिशातून पैसे गेलेले, आणि त्यांच्या लेखी हा शुद्ध कृतघ्नपणा. दोघांनी एकमेकांना कडक पत्रं लिहिली, भांडण वर्तमानपत्रांपर्यंत पोचलं. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही इथवर आलं.

७ जुलै १९३० रोजी क्रोबरोच्या घरी डॉयल हृदयविकाराने गेले, वय ७१. स्लेटर पुढे एअर या समुद्रकाठच्या गावात राहिला, त्याने पुन्हा लग्न केलं. १९४८ मध्ये तो वारला. गिलख्रिस्टबाईंचा खुनी कोण, आणि त्या पेटीतला कुठला कागद त्याला हवा होता, हे आजतागायत कुठल्याही कोर्टात ठरलेलं नाही.